न बघता दाबलेलं बटण

मी एक जुना रिमोट आहे. पाठीचं झाकण हरवलंय, बॅटऱ्या रबरबँडने धरून ठेवल्यात आणि आवाज वाढवायचं बटण इतकं झिजलंय की त्यावर अधिकची खूण होती हे आता फक्त मलाच माहीत. अशा अवस्थेत म्हातारे गाऱ्हाणी सांगतात. पण मित्रांनो, मी एका विजयाची गोष्ट सांगणार आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर झाला. मागेपुढे हजारो भावंडं, सगळी एकाच चेहऱ्याची. टीव्हीच्या खोक्यात थर्मोकोलला टेकून मी सिडनीला आलो आणि नऊ वर्षांपूर्वी कॅसल हिलच्या या घरात माझ्या पोटात पहिल्या बॅटऱ्या पडल्या. तेव्हा माझं केवढं कौतुक! घरमालक कॉनरॅड मूळचा वसईचा. त्याने मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर गाठ मारली. "धूळ नको बसायला," म्हणाला. वर्षभरात पिशवी फाटली, कौतुकही फाटलं. मग मी जमिनीवर आपटलो, चहात भिजलो, एकदा तर सोफ्याच्या फटीत अकरा दिवस पडून होतो. शोधायला कुणी आलं नाही. वर्ल्ड कप आला तेव्हा आले.

मी हिशेबी स्वभावाचा आहे. कोण काय दाबतं, याची नोंद ठेवतो. कॉनरॅडच्या खात्यावर आवाज. पण आजही त्याला माझं कुठलंही बटण चष्मा लावून शोधावं लागतं. त्याची मुलगी ॲबिगेल पंधरा वर्षांची. तिच्या खात्यावर 'पुढे पळवा'. आणि कॉनरॅडची बायको मिल्ड्रेड, जी वेस्टमीडच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते, तिच्या खात्यावर एकच बटण: बंद. सगळे उठून गेले की टीव्ही तीच बंद करायची.

गेल्या शनिवारी सकाळी मात्र आक्रीत घडलं. घरात कुणी नसताना मिल्ड्रेडने मला उचललं आणि एक डॉक्युमेंटरी लावली. वीस वर्षांपूर्वी मेलबर्नजवळ टार्निटमध्ये एका भामट्याने एकच रिकामं घर आपलं म्हणून एकोणीस विद्यार्थ्यांना भाड्याने दिलं होतं, त्या प्रकरणाची. दुसरा भाग, एकतिसावं मिनिट. आणि पडद्यावर कोण? खुद्द मिल्ड्रेड! सत्तेचाळीस सेकंद.

तिने ते चौदा वेळा मागे नेऊन पाहिलं. पहिल्या वेळी तोंडावर हात. पाचव्या वेळी हात खाली. चौदाव्या वेळी ती राणीसारखी ताठ बसली होती. मुलाखत दिल्याचं तिने घरात सांगितलं नव्हतं. कापून टाकली तर हसं व्हायला नको. आता तिला एवढंच हवं होतं, की घरच्यांनी ते बघावं. पण तिने विनवून नव्हे. आपणहून.

दुपारी तिची मैत्रीण चित्रलेखा बटाटेवड्यांचा डबा घेऊन आली. याच प्रकरणावर आठ भागांची एक सीरिजही त्याच महिन्यात आली होती, त्यामुळे काय बघायचं यावर वाद पेटला.

"सीरिज लाव रे," चित्रलेखा म्हणाली. "डॉक्युमेंटरीत नुसती माणसं खुर्चीत बसून बोलतात. तेवढं मी ऑफिसच्या मीटिंगला बघते."

"ट्रू," ॲबिगेल म्हणाली. "डॉक्युमेंटरीज आर सो स्लो, मम."

"पण ती खरी असते," मिल्ड्रेड म्हणाली.

"खरं तर रोजच बघतो गं," कॉनरॅड म्हणाला. "शनिवारी आर्व्होला, दुपारच्या वेळी तरी जरा मसाला पाहिजे. तीन विरुद्ध एक! डॉक्युमेंटरी पुढच्या शनिवारी, नो वरीज." त्याने चष्मा लावला, मला डोळ्यांजवळ नेलं आणि सीरिज सुरू केली.

मसाला भरपूर होता. गाड्यांचे पाठलाग, ढगांचा गडगडाट, आणि एक भारतीय विद्यार्थिनी, जी दर दोन मिनिटांनी रडायची. शेवटी सोनेरी केसांची डिटेक्टिव्ह खिडकीशी उभी राहून म्हणाली, "स्वतःच्या घरात दिव्याचं बटण शोधतो, तो त्या घराचा मालक नसतो."

कॉनरॅडने मांडीवर थाप मारली. "वा! काय डोकं आहे बाईचं!"

"ते डोकं माझं आहे," मिल्ड्रेड म्हणाली.

"काय?"

"दे इकडे तो रिमोट."

मित्रांनो, नऊ वर्षांत कॉनरॅडच्या हातातून मला कुणी मागितलं नव्हतं. त्याने मला गुपचूप देऊन टाकलं. मिल्ड्रेडने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नजर नवऱ्यावर आणि अंगठा माझ्यावर: मागे, खाली, खाली, ओके. एकदाही चुकली नाही. एकतिसावं मिनिट.

पडद्यावरची मिल्ड्रेड इंग्लिशमध्ये, पण वसईच्या चालीवर सांगत होती: घर दाखवायला त्याने दार उघडलं आणि अंधाऱ्या पॅसेजमध्ये भिंत चाचपत राहिला. आमच्या घरी माझी आई डोळे मिटूनही दिवा लावते. मी ओळखलं, हे घर याचं नाही. पैसे न देता मी तशीच पोलीस स्टेशनला गेले.

लगेच एक निवृत्त पोलीस अधिकारी म्हणाला, "त्या मुलीमुळे तो सापडला."

"ओ माय गॉड, मम!" ॲबिगेल उडालीच. "दे स्टोल युअर लाइन! आणि तुला रडकी दाखवलं!"

"अगं बाई," चित्रलेखाने हातातला वडा खाली ठेवला. "आणि मी तुलाच मीटिंग म्हणाले!"

कॉनरॅडचा चेहरा बघण्यासारखा होता. "मला का नाही कधी सांगितलंस?"

"सांगितलं होतं. ॲडलेडची मॅच चालू होती. तू आवाज वाढवलास."

खरं आहे. माझ्याकडे नोंद आहे: एका दमात सहा वेळा.

कॉनरॅडने चष्मा काढला. मला मागायला हात पुढे केला नाही. "परत लाव ना, मिल," तो हळूच म्हणाला. "आणि आवाज वाढव."

तिने वाढवला. तेच बटण, त्याच्या अंगठ्याने झिजलेलं. पण या वेळी त्यातून तिचा आवाज मोठा झाला, खोलीभर, अगदी शेजारच्या कुंपणापर्यंत. संध्याकाळपर्यंत माझ्या नोंदवहीत चौदाचे तेवीस झाले आणि दमलेल्या बॅटऱ्यांनी एकदाही दगा दिला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या रिमोटला जपा. त्याला आपटू नका, जमलं तर झाकण शोधून द्या. आणि आवाज वाढवण्याआधी एकदा मान वळवून बघा, शेजारी कुणी काही सांगत तर नाही ना.