आजोबांच्या पायाखालची ओळ

छापलेला शब्द खोटं बोलत नाही, यावर माणसांचा पिढ्यान्‌पिढ्या विश्वास आहे. या विश्वासावर ज्याचं पोट चालत होतं तो छपाईवाला त्या सकाळी वाचनालयाच्या वरच्या सभागृहात शेवटच्या रांगेत बसला होता. त्याला तिथून उठून पळावंसं वाटत होतं.

सभागृह खच्चून भरलं होतं. नव्वद खुर्च्या, नव्वद निवृत्त माणसं आणि प्रत्येकाच्या मांडीवर एकच रंगीत पत्रक. पत्रकात एक आजी-आजोबा समुद्रकिनाऱ्यावर अनवाणी चालत होते. दोघांचे सगळे दात शाबूत होते. त्यांच्या मागून निघालेली हिरवी रेघ चढत चढत पानाच्या वरच्या कोपऱ्यात पोहोचली होती. कागद संपला म्हणून थांबली, एवढंच.

"दहा वर्षं!" व्यासपीठावरून पेन्शनदादा गरजले. हे नाव लोकांनीच ठेवलेलं, आणि त्यांनी ते आनंदाने लावून घेतलेलं. "दहा वर्षांत बाजार दोनदा आपटला. भल्याभल्यांनी डोक्याला हात लावला. आपली 'निश्चिंत' पद्धत हलली? नाही हलली! एकाचे सहा झाले! मायबाप, मी पैसे मागायला आलेलो नाही. तुमचा पैसा जन्मभर दुसऱ्यांसाठी राबला, आता त्याला तुमच्यासाठी राबू द्या, एवढंच सांगायला आलोय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या तिकीटमास्तरांनी डोळे पुसले. खिडकीमागे बसून तीस वर्षं सुट्ट्या पैशांवरून भांडलेला हा माणूस रडू शकतो, हाच खरं तर त्या दिवसाचा पहिला चमत्कार होता.

तिसऱ्या रांगेत छपाईवाल्याची थोरली बहीण बसली होती. सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं नोकरी केल्यामुळे सगळं गाव तिला सिस्टर म्हणायचं. ताई म्हणणारा हा एकटाच. तिच्या पर्समध्ये निवृत्तीच्या साऱ्या रकमेचा चेक होता. जिन्यात भेटली तेव्हा तिने त्याच्या पाठीवर थाप मारली होती.

"पत्रकाच्या खाली तुझ्या प्रेसचं नाव बघितलं आणि निर्धास्त झाले बघ. म्हटलं, घरचंच आहे."

"ताई, अगं, जरा विचार करून..."

"तू छापलंस ना? मग झालं तर."

प्रेसचं नाव तिला चष्म्याशिवाय वाचता आलं होतं. वाचता आली नव्हती ती दुसरी एक ओळ.

तीन आठवड्यांपूर्वी ती ओळ चांगली ठसठशीत होती. पेन्शनदादा छपाईवाल्याच्या दुकानात, त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसून पडद्याकडे बघत होते. "ही ओळ आजोबांच्या पायाखाली येतेय हो. आजोबा अडखळतील!" ते हसले. "काढता येत नाही, वकील ओरडतो. जरा बारीक करा ना. आणि एवढी काळी कशाला?" छपाईवाल्याने ती पाच पॉइंटाची केली आणि वाळूवर वाळूच्याच रंगात बसवली. पान एकदम मोकळं झालं. त्याला बरं वाटलं, हे तो अजून विसरला नव्हता. जे बसत नाही ते बारीक करायचं, हा त्याच्या हाताला बसलेला धडा होता. ओळ त्याने वाचली होती, कळलीही होती. पण छापणाऱ्याला काय कळलं हे कुणी विचारत नाही, या सबबीवर त्याचा जन्म सुखात गेला होता.

"शंका असतील तर विचारा," पेन्शनदादा म्हणाले. विचारायच्या नाहीत, असा त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. सिस्टर मात्र उभी राहिली.

"दादा, ह्या रेघेत एकही वाईट दिवस नाही?"

"तीच तर किमया, सिस्टर!"

"नाही, असा तक्ता मी पाहिलाय म्हणून विचारते. आमच्याकडे एक पोरगी रात्रपाळीला झोपायची आणि सकाळी उठून अख्ख्या रात्रीचा तापाचा तक्ता एका बैठकीत भरायची. इतका सुंदर, एकसारखा उतरणारा ताप डॉक्टरांनीही कधी पाहिला नव्हता. पेशंट मात्र पलंगावर फणफणलेला. त्या पोरीच्या तक्त्यासारखीच दिसते हो ही रेघ. सकाळी उठून भरलेली."

"सिस्टर, तुम्ही ताप मोजलात, आम्ही पैसा मोजतो. थर्मामीटर इथे नका लावू!"

सभागृह खो खो हसलं. तिकीटमास्तर मागे वळून म्हणाले, "बसा हो बाई, दुसऱ्यांचा खोळंबा होतो!" सिस्टर ओशाळली. "असेल बाबा," ती पुटपुटली. "माझ्या भावानेच छापलंय. तो कशाला खोटं छापेल?" आणि तिने पर्स उघडली.

छपाईवाला आपोआप उठून उभा राहिला.

"ताई, थांब. आजोबांच्या पायाखाली बघ. तिथे एक ओळ आहे."

नव्वद पत्रकं नव्वद नाकांना भिडली. "वाळू आहे," तिकीटमास्तर म्हणाले.

"ओळ आहे. मला पाठ आहे." त्याने घसा खाकरला. "'हा आलेख प्रत्यक्ष गुंतवणुकीचा नसून, यंदा आखलेली पद्धत मागील दहा वर्षांना लावून काढलेला आहे.'"

"म्हणजे काय?" सिस्टरने विचारलं.

"म्हणजे दहा वर्षांत कुणी एक पैसाही गुंतवला नव्हता. पद्धत जन्माला आली यंदा. काय वर गेलं, काय खाली आलं, हे आधी बघून घेतलं आणि मग ठरवलं, की आपण वर जाणारं घेतलं असतं. शर्यत संपल्यावर घोडा निवडायचा, तर मीही हरणार नाही."

"तरी हिशेब बरोबरच असेल ना?" तिकीटमास्तरांनी विचारलं.

"असेल. ह्या रेघेच्या फाईलचं नाव 'आलेख ३७' होतं. आधीचे छत्तीस कसे दिसत होते, ते मी विचारलं नाही."

पेन्शनदादांचा आवाज चढला. "लपवलंय का आम्ही? लिहिलंय की स्पष्ट!"

"लिहिलंय. मीच लिहिलंय. वाचता येऊ नये असं कसं लिहायचं, ते मला येतं."

आता कुणी हसलं नाही. मागून कुणीतरी विचारलं, "मग छापलंत कशाला हो?" छपाईवाल्याकडे त्याचं उत्तर होतं, पण ते भर सभेत सांगण्यासारखं नव्हतं.

सिस्टरने चेक चार तुकडे करून पर्समध्ये परत टाकला. कचरा जमिनीवर टाकायची तिला सवय नव्हती. मग वॉर्डात बोलायची त्या आवाजात ती म्हणाली, "ऐका. तक्ता कितीही देखणा असो, आधी विचारायचं, कुणी भरला आणि कधी भरला. आणि पेशंटच्या कपाळाला आपला हात लावून बघायचा. एवढी अक्कल सगळ्यांकडे आहे, ती घरी ठेवून येऊ नका."

दाराशी गुंतवणुकीचे फॉर्म भरून घ्यायला मांडलेल्या टेबलापुढे जमू लागलेली रांग हळूहळू विरघळली. पेन्शनदादांना तेवढ्यात एक महत्त्वाचा फोन आला आणि तो घ्यायला ते जिना उतरले. तिकीटमास्तर आपल्याला आधीपासूनच संशय होता असं तीन जणांना सांगून घरी गेले.

जिन्यात बहीण-भाऊ दोघेच उरले.

"माझ्यासाठी उठलास," सिस्टर म्हणाली.

"हो."

"मी आले नसते तर?"

त्याने जिन्याच्या पायऱ्या मोजायला घेतल्या. तिने पुन्हा विचारलं नाही. पेशंट गप्प राहतो तेव्हा काय समजायचं, हे तिला चौतीस वर्षांत कळलं होतं.

सभागृहात त्या दिवशी माणसं नव्वद होती. पत्रकं पाच हजार छापली होती.