चक्कीवरचं झाकण

मास्तरीणबाईंनी आयुष्यात एक दिवसही शाळेत शिकवलं नव्हतं. वीज-संशोधन केंद्रात यंत्रं सांभाळण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती, आणि तेवढ्या काळात त्यांची बोलणी न खाल्लेला माणूस त्या आवारात शोधूनही सापडला नसता. खुद्द साहेब त्यांच्या खोलीत शिरण्यापूर्वी बूट झटकत. कुणी नोंद उशिरा केली, कुणी वायर लोंबकळत ठेवली, की बाईंचा पट्टा सुरू. "माझ्या हातून आजवर एक चूक झालेली दाखवा," असं त्या वर म्हणायच्या, आणि दाखवायला खरोखरच कुणाकडे काही नसायचं. तोंडाळ माणसाचं काम चोख असलं की बाकीच्यांची फार पंचाईत होते.

त्यात गेल्या वर्षी केंद्रातलाच एक शास्त्रज्ञ त्यांचा जावई झाला. चष्मेवाला, हसतमुख, हवेतल्या धुळीच्या कणांचा अभ्यास करणारा. ढगात वीज तयार होते त्यात या धुळीचा हात किती, हे शोधायच्या मागे तो हात धुऊन लागला होता. लेकीने लग्न ठरवल्याचं सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "लोक धूळ झाडायला माणूस ठेवतात, तू जमवणारा आणलास." बोलल्या खऱ्या, पण जीव लावला. कामावर त्या त्याला मुद्दाम 'जावईबापू' म्हणत आणि तो त्यांना चारचौघांत 'आई' म्हणे.

आवाराच्या मधोमध, कुंपणाच्या आत, हवेतल्या विजेचा जोर मोजणारं एक यंत्र होतं. त्यातली पाती सतत गरगर फिरत, म्हणून सगळे त्याला चक्की म्हणायचे. आकाश स्वच्छ असलं तरी चक्की शंभर-सव्वाशेचा आकडा दाखवायची. ढग जवळ आले की आकडा हजारांत जायचा. दोन हजारांच्या पुढे गेला की हवेचे नमुने घ्यायच्या उंच मनोऱ्याच्या पायथ्याचा हिरवा दिवा लाल व्हायचा. मग मनोऱ्यावर कुणी चढायचं नाही आणि चढलेल्याने उतरायचं, असा नियम होता. तो बाईंनीच लिहिला होता, जाड अक्षरात.

दर आठवड्याला चक्की तपासावी लागे. तिच्यावर पत्र्याचं झाकण ठेवायचं, म्हणजे बाहेरची वीज आत पोचत नाही. आकडा शून्यावर आला की यंत्र ठीक. मग झाकण काढायचं. पाच मिनिटांचं काम. त्या दुपारी बाईंनी झाकण ठेवलं, शून्य बघितलं, मान डोलावली, आणि तेवढ्यात त्यांना माळ्याचा पाण्याचा नळा वायरींच्या पेटीवर टाकलेला दिसला. मग काय विचारता! निष्काळजीपणा कशाला म्हणतात हे त्या माळ्याला चांगली दहा मिनिटं समजावत होत्या. तो बिचारा नळा गुंडाळायला लागला, आणि बाई त्याच तावात चहा टाकायला आत गेल्या.

चहा उकळत असताना कमरेच्या वॉकीटॉकीवर जावयाचा आवाज आला.

"आई, वादळाचा वारा सुटलाय. पुढे नुसती धूळ ढकलत आणतोय. मनोऱ्यावरचा धुळीचा फिल्टर बदलून घेतो. दिवा हिरवा आहे. चढू ना?"

"हिरवा आहे ना? मग चढा. पट्टा लावा, आणि वर गप्पा मारत बसू नका."

कप घेऊन बाई आपल्या खोलीत आल्या, खुर्चीत टेकल्या, एक घोट घेतला आणि पडद्याकडे बघितलं. चक्कीची रेघ शून्यावर होती. फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ, अर्ध्या तासापासून.

हवा कधी शून्य नसते. एकतीस वर्षं त्या नव्या लोकांना हेच सांगत आल्या होत्या. इथे तर खिडकीबाहेर उजेड पिवळा पडला होता, टेकडीपलीकडचा ढग आवाराच्या डोक्यावर येऊन ठेपला होता, आणि पडदा म्हणत होता की काही नाही. बाईंना झाकण आठवलं. झाकण ठेवणारे हात आठवले, काढणारे आठवेनात. त्यांनी कप न बघताच उघड्या नोंदवहीवर ठेवला.

तीस मीटर उंचीचा लोखंडी मनोरा, आजूबाजूला दुसरं काहीच उंच नाही, आणि त्याच्या टोकावर लेकीचा नवरा. वीज कुठे पडेल हे सांगता येत नाही असं लोक म्हणतात. इथे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

धावत जाऊन झाकण काढावं, दिवा लाल होईल, मग आपणच 'उतरा' म्हणावं, कुणाला कळणार नाही, असाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला. पण चक्की तीनशे पावलांवर होती. त्यांनी वॉकीटॉकी तोंडाशी धरला. तो नेहमी सगळ्यांना ऐकू जायचा: फाटकावर, वर्कशॉपमध्ये, साहेबांच्या टेबलावर.

"जावईबापू, खाली या."

"आता? फिल्टर नुकता उघडलाय आई. पाच मिनिटं द्या."

बाईंनी तोंड उघडलं. झाकण हा शब्द जिभेवर आला आणि तिथेच अडकला.

"साहेबांनी बोलावलंय. तातडीने."

"साहेबांना म्हणावं, साहेब रोज भेटतात, हा वारा वर्षातून एकदा येतो."

वर्कशॉपमधलं कुणीतरी हसलं. जावयाला हुरूप आला. "इथे वर गंमतच चाललीय. कठडा गुणगुणतोय, मधमाश्यांचं पोळं असावं तसा. हातावरचे केस सगळे ताठ उभे आहेत. चक्की शून्य दाखवत नसती ना, तर माझी घाबरगुंडीच उडाली असती."

कठडा का गुणगुणतो ते बाईंना माहीत होतं. खालून वीज त्याच्या अंगातून वर चढायला लागली होती. ढगातली वीज वरून खाली यायला बघत होती आणि मधे जावई उभा होता, चष्मा सावरत, फिल्टर बदलत, त्यांच्या शून्यावर भरवसा ठेवून.

"अहो, हट्ट करू नका, साहेब—"

"बाई," साहेबांचा आवाज मधेच आला, "मी कुणालाही बोलावलेलं नाही."

बाईंच्या कानात नुसती चक्कीची घरघर होती, ती खोलीत ऐकू येत नसतानाही.

"आकडा खोटा आहे," त्या ओरडल्या. "चक्कीवर झाकण आहे. मी काढायला विसरले. मी! केबिनमध्ये शिरा, दार लावून घ्या, कशालाही हात लावू नका. पळा!"

मनोऱ्याच्या टोकावर यंत्रांसाठी पत्र्याची केबिन होती. चारी बाजूंनी बंद लोखंड असलं की वीज बाहेरच्या बाहेर निघून जाते आणि आतला माणूस सुखरूप राहतो. दार मात्र पूर्ण बंद हवं. वॉकीटॉकीत धावणारे बूट वाजले, पट्ट्याची साखळी वाजली, दाराची करकर सुरू झाली.

मग खोली पांढरीफट्ट झाली. आवाज असा आला की खिडकीची काच बाईंच्या पायाशी येऊन पडली. पडदे विझले. वॉकीटॉकीतून साधी खरखरसुद्धा येईना.

"जावईबापू," बाई म्हणाल्या. मग त्यांनी त्याला नावाने हाक मारली, जी त्यांनी कधीच मारली नव्हती. पुन्हा मारली.

आणि वर जाता येत नव्हतं. ढग डोक्यावर असेपर्यंत मनोऱ्याला कुणी हात लावायचा नाही, हे जाड अक्षरात लिहिलेलं होतं. शिडीकडे निघालेल्या दोघातिघांना साहेबांनी धरून ठेवलं. बाई वर्कशॉपच्या दारात भिजत उभ्या राहिल्या. आणखी तीन विजा पडल्या, तिन्ही मनोऱ्यावर, आणि प्रत्येक वेळी त्यांनी डोळे उघडे ठेवले, कारण मिटले तर काय दिसेल याची त्यांना जास्त भीती वाटत होती. लेकीला काय सांगायचं, याची वाक्यं मनात जुळत होती. एकही वाक्य पुरं होईना. तेवीस मिनिटं अशी गेली.

पाऊस ओसरला, तेव्हा वर केबिनचं दार हललं. आधी एक हात बाहेर आला. वर्कशॉपमधली माणसं ओरडत शिडीकडे धावली आणि बाई चिखल तुडवत त्यांच्या मागे निघाल्या.

तो वाचला. दार चार बोटं उघडं राहिलं होतं आणि हात कडीवर होता, म्हणून उजवा तळवा भाजला आणि उजव्या कानाचा पडदा फाटला. थोडक्यावर निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. आणखी काही सेकंद मिळाले असते तर एवढंही झालं नसतं, असंही म्हणाले.

पुढचे दोन दिवस बाईंची स्तुती चालली होती. एवढ्या कडक बाई, पण सगळ्यांदेखत चूक कबूल केली आणि जीव वाचवला, असं फाटकावरचा माणूससुद्धा सांगत होता. वॉकीटॉकीवरचं सगळं बोलणं केंद्रात आपोआप ध्वनिमुद्रित होतं. साहेबांनी अहवालासाठी ते कागदावर उतरवून घेतलं आणि काही न बोलता एक प्रत बाईंच्या टेबलावर ठेवली. 'खाली या' पासून 'झाकण आहे' पर्यंत बेचाळीस सेकंद. बाईंनी तो कागद एकदाच वाचला. दुसऱ्यांदा वाचायची हिंमत झाली नाही.

तिसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात गेल्या. मोठी खोली, आठ कॉट. जावई उशीला टेकून बसला होता, लेक त्याला भरवत होती. ऐकू कमी येणाऱ्या माणसासारखा तो जरा मोठ्याने बोलत होता.

"आई, एक विचारू? राग म्हणून नाही. साहेबांनी बोलावलंय, असं का म्हणालात?"

लेकीचा हात मधेच थांबला. तिला हे ठाऊक नव्हतं.

बाई त्याच्या उजव्या बाजूला बसल्या होत्या. त्यांनी पदराची कड बोटाला गुंडाळली, सोडली.

"सगळे ऐकत होते," त्या पुटपुटल्या. "लाज वाटली मला."

"काय?" तो म्हणाला, आणि चांगला कान पुढे करायला त्याने मान वळवली.

बाईंनी लेकीकडे बघितलं. ती त्यांच्याकडेच बघत होती.

"लाज वाटली!" बाई मोठ्याने म्हणाल्या. "चूक सांगायची लाज वाटली, म्हणून खोटं बोलले!"

बाकीच्या सात कॉटवरची माणसं वळून बघायला लागली. लेकीने वाटी स्टुलावर ठेवली आणि पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेली, तांब्या न घेताच. जावयाने भाजलेला हात मांडीवर नीट ठेवला.

"आलं ऐकू," तो म्हणाला.