बिनहुकाची बॅग

माझ्या बॅगेनं मंगळवारी माझ्या धाकट्या दिराचा जीव घेतला असता. घेतला नाही, याचं श्रेय एका शिंकेला. शिंक कामात आडवी येते म्हणतात. ही मात्र अगदी वेळेवर आली.

भाऊजी आणि मी लिफ्ट तपासायचं काम करतो. इमारतीला दर वर्षी लिफ्ट ठीक असल्याचा दाखला लागतो आणि तो देण्याआधी कुणीतरी लिफ्टच्या पोटात शिरून पाहावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे आम्ही. लिफ्ट सगळ्यात वरच्या मजल्यावर बंद करून ठेवायची. मग भाऊजी तळाच्या खड्ड्यात उतरून स्प्रिंगा आणि गंज बघतात, आणि मी एकेका मजल्याचं दार तिकोनी किल्लीनं उघडून कुलपं तपासते. उतरताना ते ओरडतात, "खाली मी!" मी वरून म्हणते, "वर मी, हात रिकामे!" म्हणजे माझ्या हातातून निसटून पडेल असं काही नाही, तुम्ही बिनधास्त उतरा. अकरा वर्षांत हे बोलणं एकदाही चुकलेलं नाही. मंगळवारीही चुकलं नाही. हात रिकामेच होते. बॅग खांद्यावर होती.

तिसऱ्या मजल्याचं दार उघडून मी जरा आत वाकले आणि खांदा एकदम हलका झाला. लॅपटॉप, मीटर, टॉर्च, डबा, पाण्याची बाटली, असं सगळं ओझं पट्ट्यासकट खाली गेलं. त्याच क्षणी भाऊजींना शिंक आली आणि ते भिंतीकडे वळले. बॅग त्यांच्या बाहीला घासून जमिनीवर आपटली. डोक्यावर हेल्मेट होतं, पण तीन मजल्यांवरून आलेल्या साडेसहा किलोंना हेल्मेट काय पुरणार?

ते वर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. बॅग माझ्या हातात दिली आणि जिन्यावर बसले. माझ्याही तोंडचं पाणी पळालं होतं, पण घाबरले की माझं तोंड बंद होत नाही, उलट सुटतं. मी बॅगेला शिव्या घातल्या, बनवणाऱ्याला घातल्या, विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. घरी येईपर्यंत माझं तेच चालू होतं.

त्याच संध्याकाळी भाऊजींनी सांगितलं. लिफ्टच्या सुट्या भागांच्या गोदामात जागा रिकामी होती. टेबलाशी बसून नोंदी करायच्या. सोमवारी दुपारपर्यंत कळवायचं होतं.

"हो म्हणेन म्हणतो," ते म्हणाले.

हे काम मला त्यांनीच शिकवलं. लग्न होऊन आले तेव्हा मी घरातलं घड्याळ उघडलं, मिक्सर उघडला, सासूबाईंचा रेडिओ उघडला आणि तेवढा तो मात्र परत लावता आला नाही. तेव्हा भाऊजी म्हणाले होते, "वहिनी, घर उघडून झालं असेल तर लिफ्ट उघडायला चला." त्यांच्यावाचून मला ते काम करायचंच नव्हतं. दुसऱ्या कुणाला "वर मी" म्हणायची कल्पनाच करवेना.

"अहो, बॅग दगा देणारी निघाली म्हणून तुम्ही काम सोडणार?" मी म्हणाले. "मी न तुटणारी बॅग आणते. सोमवारच्या आत. मग तरी उतराल?"

"आणा," ते म्हणाले. "सोमवारी सकाळचं काम तर आपण करूच. मग बघू."

शनिवारी मी बॅगांच्या दुकानात गेले. जाताना कापडी पिशवीत सगळं सामान नेलं, लॅपटॉपच्या जागी ह्यांचा जुना लॅपटॉप, आणि वर माझा स्प्रिंगचा वजनकाटा. एखादी वस्तू कुठे तुटेल हे आधी शोधायचं आणि मग ती चांगली की वाईट ते ठरवायचं, ही आमच्या धंद्याची रीत. रंग शेवटी बघतात.

दुकानातला सेल्समन उत्साही होता. "ऑफिससाठी ना मॅडम? ही बघा, एकदम स्मार्ट लूक!"

मी ती स्मार्ट बॅग उलटी केली. मग आतून बाहेर काढली. बाहेरून जाड दिसणारं कापड आत एका पातळ चकचकीत अस्तरावर शिवलेलं होतं आणि पट्टा कापडात नव्हे तर नुसत्या किनारीत घुसवलेला होता. मी तिच्यात सामान भरलं, पट्टा काट्याला अडकवला आणि दोन हिसके दिले. टाक्याची भोकं डोळ्यांदेखत लांबट झाली.

"अहो मॅडम, बॅग घ्यायचीय की पोस्टमॉर्टम करायचंय?"

"आधी पोस्टमॉर्टम," मी म्हणाले. "मेल्यावर करण्यात काय अर्थ?"

त्याच्या चेहऱ्यावर बारा वाजले, पण माणूस मुळात चौकस होता. तिसऱ्या बॅगेपासून तोच काटा धरून उभा राहिला. लॅपटॉपचा कप्पा थेट तळाला टेकलेला असेल तर बॅग खाली ठेवताना दर वेळी मार लॅपटॉपलाच बसतो, आणि कप्पा बोटभर वर टांगलेला असेल तर वाचतो, हे आम्ही दोघांनी मिळून शोधलं. त्यानं खाली अंडं ठेवून बघू का विचारलं. मी म्हटलं, आधी तुमच्या मालकांना विचारा. चेनचे दात प्लास्टिकचे असले तरी चालतात, पण चेन कोपऱ्यात काटकोनात वळत असेल तर तिथेच अडणार, हेही कळलं. नऊ बॅगा आतून बाहेर झाल्या. बाकीची गिऱ्हाइकं आमच्याभोवती जमली. एका आजोबांनी तर स्वतःच्या खांद्यावरची बॅग काढून तपासायला दिली, आणि ती नापास झाल्यावर तशीच काखेत मारून निघून गेले.

प्रत्येक बॅगेच्या पट्ट्याच्या हुकात मी माझा किल्ल्यांचा जुडगाही अडकवून बघत होते. ही माझी जुनी युक्ती. पट्ट्याच्या टोकाला जो धातूचा हूक असतो, बॅगेच्या कडीत अडकणारा, त्यातच मी दारांच्या किल्ल्या अडकवते. अंगठ्यानं खटका दाबला की किल्ली हातात. अंधाऱ्या मजल्यावर खिसे चाचपत बसावं लागत नाही.

तीन बॅगा पास झाल्या. एक नायलॉनची, एक चामड्याची, एक मळखाऊ रंगाची जाड कॅनव्हासची, जिला हूक, कडी काहीच नव्हतं. पट्टाच तळाखालून जाऊन दोन्ही बाजूंनी वर आला होता. किल्ल्या अडकवायला जागा नाही म्हणून ती मी मनातून बाद केली होती. उरलेल्या दोघींत ठरेना. मग डोक्यात आलं की बॅग कुठे तुटते हे विकणाऱ्याला काय ठाऊक? ते दुरुस्त करणारीला विचारावं. तिन्ही बॅगा परत करायच्या बोलीवर उचलल्या. सेल्समननं आनंदानं दिल्या. बहुधा मी जातेय याचाच आनंद असावा.

कोपऱ्यावर जिन्याखालच्या खोलीत एक बाई बॅगा आणि चपला शिवते. नाकावर चष्मा, तोंडात दोऱ्याचं टोक. मी तिन्ही बॅगा तिच्या मशीनवर मांडल्या.

"मावशी, यातली कुठली तुमच्याकडे सगळ्यात कमी येते?"

तिनं बॅगांकडे बघितलंही नाही. "आधीची कुठाय?"

"कुठली आधीची?"

"जी तुटली म्हणून ही वरात काढलीस ती."

ती माझ्याजवळच होती. सामान नेलेल्या कापडी पिशवीच्या तळाशी घडी करून ठेवली होती, दुकानदाराला दाखवून लाज आणावी म्हणून. मी काढून दिली. बाईनं चष्मा सारखा केला, शिवण चाचपली, टाके मोजले, पट्टा दोन्ही हातांनी ओढला. मग हूक उजेडात धरला.

"ही तुटली नाही," ती म्हणाली.

"अहो तुटली! तीन मजले खाली गेली!"

"गेली असेल. पण तुटली नाही. टाका बघ, एक उसवलेला नाही. कडी अख्खी. हूक अख्खा." तिनं हुकाचा खटका दाबून सोडला. तो अर्ध्यावर येऊन तसाच थांबला, मिटलाच नाही. "ह्याची स्प्रिंग मेलीय. आणि हे बघ, इथं अंगठ्यानं घासून आरसा झालाय. बॅगेचा हूक माणूस वर्षातून दोनदा उघडतो. हा रोज पन्नासदा उघडलाय कुणीतरी. काय अडकवत होतीस यात?"

किल्ल्यांचा जुडगा माझ्या मुठीतच होता. मी मूठ उघडली नाही.

पण डोळ्यांपुढे सगळं आलंच. तिसरा मजला. अंगठ्यानं खटका दाबला, किल्ली काढली, दार उघडलं, वाकले. वाकल्यावर बॅग पुढे झुलली आणि कडी अर्धवट उघड्या हुकातून अलगद बाहेर आली. नऊ बॅगा फाडून बघितल्या मी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा माझ्या अक्षरशः काखेत होता, अकरा वर्षं. दुसऱ्याच्या लिफ्टमधली मेलेली स्प्रिंग मला दहा फुटांवरून दिसते.

"ही घे," बाईनं कॅनव्हासची बॅग माझ्यापुढे सरकवली. "बिनहुकाची. असल्या माझ्याकडे येतच नाहीत. सगळेच असल्या घ्यायला लागले तर मी उपाशी मरेन."

मी ती घेतली. घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "बॅग आहे की पोतं?" एरवी मी सोडलं नसतं, पण त्या दिवशी भांडायचं बळ नव्हतं.

रविवारचा अख्खा दिवस मी भाऊजींना सांगायचं टाळलं. खरं सांगते, एक विचार असाही आला की सांगायचंच कशाला? बॅग नवी आहे, तिला हूक नाही, आता काही पडणार नाही, प्रश्न मिटला. भाऊजी उतरतील. पण ते वाक्य मनात म्हणून बघितलं तरी घशाखाली जाईना. संध्याकाळी ते गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते, तिथे गेले.

"भाऊजी, बॅगेचा दोष नव्हता. माझा होता. किल्ल्या अडकवून अडकवून मीच त्या हुकाची स्प्रिंग मारली. त्या दिवशी तो मीच उघडा ठेवला."

त्यांनी हातातल्या शर्टाची घडी पूर्ण केली.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"बॅग माझ्या पायाशीच पडली ना, वहिनी. वर देण्याआधी हूक बघितला. मीही तपासनीसच आहे की."

"मग बोलला का नाहीत? मी पाच दिवस वेड्यासारखी..."

"काय बोलणार? तुम्ही बॅगेचा उद्धार करत होता. चूक कुणाकडूनही होते, माझ्याकडूनही झाल्यात. त्याची नाही भीती वाटली मला. पण जिला चूक बॅगेची वाटतेय तिच्याखाली उभं कसं राहायचं, ते मला कळेना."

मला रडू आलं. म्हणजे चांगलंच आलं, नाक पुसायला त्यांनी नुकताच घडी केलेला शर्ट पुढे केला. धुतलेला होता, तरी मी घेतला.

गोदामाचं त्यांनी काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी सात मजल्यांच्या इमारतीत गेलो. लिफ्ट वर नेऊन बंद केली. भाऊजी तळाच्या दाराशी हेल्मेट घालून उभे राहिले, मी जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेले. नवी बॅग खांद्यावरून उतरवली, दारापासून चार पावलं लांब भिंतीशी ठेवली. किल्ली दोरीनं कमरेला बांधली होती. दार उघडलं. खाली त्यांच्या टॉर्चचा उजेड दिसत होता, पण खड्ड्यात उतरायच्या शिडीवर पाय पडल्याचा आवाज आला नव्हता.

"खाली मी!" त्यांचा आवाज आला, पण पाय वाजला नाही.

"वर मी," मी म्हणाले. "हात रिकामे."

ते वाट बघत होते.

"खांदा रिकामा," मी म्हणाले.

मग शिडी वाजली.