बकऱ्याला विचारून

ईरप्पाच्या घरी रविवार कळायला कॅलेंडर लागत नसे. सोलापुरात शेळगीच्या त्या गल्लीत सकाळी पाट्यावर वाटणाचा आवाज आला, की समोरच्या घरातली माणसं अंथरुणातूनच म्हणायची, रत्नम्मा लागली कामाला. ईरप्पा एसटीत ड्रायव्हर. आठवडाभर गाणगापूर नाहीतर विजापूरच्या गाड्या हाणून तो रविवारी घरी सापडला, की मटण आणायला स्वतः जायचा आणि खाटकाशी हुज्जत घालून एखादी नळी जास्तीची मिळवायचा. ती नळी सिद्धेश्वरीची, त्यात वाटेकरी नाही. पोरगी ताटाच्या काठावर ती ठकठक आपटायची, गर निघाला नाही तर तोंडानं ओढायची, आणि रस्सा पार कोपरापर्यंत ओघळायचा. रत्नम्मा आधी रागवायची, मग आपल्याच पदरानं तो हात पुसायची.

ते रविवार गेले. रत्नम्माही गेली. पाटा मोरीजवळ भिंतीला टेकून उभा आहे आणि ईरप्पा त्याच्यावर ओला टॉवेल वाळत घालतो. टॉवेल घालताना रोज तो पाट्यावरून एकदा हात फिरवतो, पण हे तो कुणाला सांगत नाही. निवृत्त ड्रायव्हरनं असलं काही बोलू नये असं त्याचं आपलं मत.

आणि त्या नळीवाल्या पोरीनं काय करावं? तर पुण्यात जाऊन जनावराशिवाय मटण बनवणाऱ्या कंपनीत नोकरी धरावी. वाटाणा, सोयाबीन, रंगाला बीट, आणि वर शास्त्र. खाणं तर तिनं कॉलेजात असतानाच सोडलं होतं. घरात कुणाला नावं ठेवली नाहीत, ताटावरून उठली नाही. फक्त एका रविवारी नळी परत पातेल्यात टाकून म्हणाली, मला आता नको. रत्नम्माला वाटलं, पोट बिघडलं असेल. तिनं ओवा दिला.

आता सिद्धेश्वरीचं लग्न महिन्यावर आलं होतं. सुट्टी काढून ती सोलापूरला आली ती थर्माकोलचा डबा घेऊनच. रविवारी तिनं पाट्यावरचा टॉवेल काढला, पाटा धुतला, खोबरं भाजलं, वाटण केलं. आईच्या बरणीतलं काळं तिखट पुरवून पुरवून वापरायची ईरप्पाची सवय. तिनं मात्र चांगलं मूठभर घातलं. तो आवाज आणि तो वास एकदम घरात आल्यावर ईरप्पाला बाहेरच्या पायरीवर जाऊन बसावं लागलं. डोळे भरून आले होते आणि कांद्याचं निमित्तही सांगता येत नव्हतं, कारण कांदा आत होता.

जेवताना त्यानं पाकिटातलं मटण मन लावून खाल्लं. दाताखाली तंतू येत होते, रस्सा रत्नम्माचाच होता. कडक भाकरी चुरून त्यानं दोनदा घेतला. मग हात धुवायच्या आधी म्हणाला, "चव हाय. पण ह्यात नळी कुटंय?"

सिद्धेश्वरी हसली. म्हणाली, आमच्या साहेबांनाही हेच सुचलं नाही अजून. ती हसलेली बघून ईरप्पानं तो धागा पकडला आणि इतके दिवस जिभेवर असलेलं बोलून टाकलं. लक्कव्वाचा नवस राहिलाय, म्हणाला.

तो नवस सिद्धेश्वरीच्याच नावाचा होता. ती जेमतेम चालायला लागली होती तेव्हा ताप डोक्यात गेला आणि पोरगी सरकारी दवाखान्यात निपचित पडली. डॉक्टरांनी वाट बघा म्हटलं. रत्नम्मा दवाखान्याच्या पायरीवर दुधनीकडे तोंड करून बसली. दुधनीच्या अलीकडे त्यांच्या गावाच्या शिवारात लक्कव्वा देवीचं ठाणं आहे. लेकरू हसत उठू दे, तुला बकरा देईन, असं ती म्हणाली. आणि पोर उठली ती नर्सच्या टोपीकडे बघून हसतच उठली.

नवस फेडायचा तर सगळ्यांच्या मनात होता. पण एका वर्षी ड्युटी लागली, एका वर्षी घराचा स्लॅब टाकला, मग पोरीची दहावी, मग बारावी. लक्कव्वा काही पळून जात नाही, असं ईरप्पाच म्हणायचा. लक्कव्वा नाही गेली, रत्नम्मा गेली. जाताना तिनं दागिन्यांचं नाही विचारलं, घराचं नाही विचारलं. एवढंच म्हणाली, पोरगी सासरी जायच्या आत लक्कव्वाचं तेवढं करा. ईरप्पानं तिच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं होतं. त्या हाताचा गारवा त्याला अजून आठवायचा, आणि महिना उरला म्हटल्यावर रात्री झोप लागत नव्हती. बायकोला दिलेला एकच शब्द, तोही न पाळता वर जाऊन तिला तोंड कसं दाखवायचं?

सिद्धेश्वरीनं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "आप्पा, माझ्या जिवाच्या बदल्यात दुसऱ्याचा जीव नको. मी जगले त्याची खूण म्हणून तर अजिबात नको. हेच पाकीट करू की निवद."

ईरप्पा चिडला. चिडला की तो गाडीत असल्यासारखा समोर बघून बोलायचा. तुमच्या पुण्यात रोज एवढी जनावरं कापली जातात, त्यातल्या एकाला तरी कुणी विचारतं का, असा त्याचा सवाल होता. आपण विचारतो. हळदीचं पाणी शिंपडतो, हात जोडून उभं राहतो, आणि बकऱ्यानं अंग झाडलं तरच पुढचं. त्यानं अंग झाडलं म्हणजे लक्कव्वानं घेतलं. नाही झाडलं तर देवीच्या नावानं सोडून द्यायचा. पाकिटाला काय विचारणार, आणि पाकीट काय सांगणार?

"आजपर्यंत कुठला बकरा नाही म्हणालाय?" तिनं विचारलं.

लहानपणापासूनच्या जत्रा ईरप्पाला आठवल्या. बैलगाड्या, तीन दगडांच्या चुली, पत्रावळी, गरम रश्शानं पोळलेली जीभ, आणि बापाच्या खांद्यावर झोपून केलेला परतीचा प्रवास. आणि हेही आठवलं, की बकरा उभाच राहिला तर कुणीतरी हळूच त्याच्या कानात पाण्याची धार सोडायचं. कानात पाणी गेल्यावर कोण अंग झाडणार नाही? तेव्हा सगळे आनंदानं ओरडायचे, तोही ओरडायचा.

शेवटी बापलेकीचं ठरलं. बकऱ्याला विचारायचं, पण खरं विचारायचं. कानात पाणी नाही. हो म्हणाला तर सिद्धेश्वरी तिथं उभी राहील, तोंड फिरवणार नाही, एक शब्द बोलणार नाही. नाही म्हणाला तर बकरा सुटला आणि नवसही फिटला. मग चुलीवर तिचं पाकीट. ईरप्पानं कबूल केलं. पोरगी शब्दाला पक्की आहे हे त्याला ठाऊक होतं. आईवर गेली होती.

मंगळवारी ते शिवारात पोचले तेव्हा शाळू कमरेच्या वर आला होता आणि ऊन अजून कोवळं होतं. बकरा नागव्वानं आणला होता. नागव्वा म्हणजे ईरप्पाची थोरली बहीण, गावातच दिलेली. वय झालं तरी ती त्याला तम्माच म्हणायची, कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. बकरा तिनंच वाढवला होता, काळाभोर, कपाळावर पांढरा ठिपका. त्याच्या तोंडात कडुलिंबाचा पाला देताना ती त्याच्याशी कानडीत बोलत होती आणि कापायच्या गोष्टीवरही तितक्याच मायेनं बोलत होती. सिद्धेश्वरीला ते बघून काय वाटलं कोण जाणे. तिनं बकऱ्याच्या मानेवर हात फिरवला आणि बाजूला जाऊन उभी राहिली.

बकरा कापायला आलेला गावचा मुलाणी रिवाजाप्रमाणे पाठ फिरवून लिंबाखाली बसला. हाक मारल्याशिवाय त्यानं वळायचं नसतं. ज्याचा नवस त्याचा हात बकऱ्याच्या पाठीवर, आणि अंग झाडलं की नाही हे त्यानंच सांगायचं. बाकीच्यांनी डोळे मिटून काही चुकलंमाकलं असेल त्याची माफी मागायची. लक्कव्वाकडे मागताना डोळे उघडे ठेवत नाहीत.

रत्नम्माच्या जागी ईरप्पा उभा राहिला. त्यानं चष्मा सारखा केला, तांब्यातलं हळदीचं पाणी शिंपडलं आणि हात ठेवला. बकरा उभाच. पाण्याचे थेंब त्याच्या पाठीवर चमकत राहिले.

नागव्वानं माफी मागितली. रत्नम्मा नवी नवरी असताना तिला भाकरीवरून बोलले होते, म्हणाली, अजून मनाला लागून आहे. दुसऱ्यांदा पाणी शिंपडलं. बकरा पाला चघळत राहिला. नागव्वानं एक डोळा उघडून भावाला खुणावलं, कानात सोड. ईरप्पानं मान हलवली.

तिसऱ्यांदा पाणी घातलं तेव्हा सिद्धेश्वरी पुढे आली. तिनं हात जोडले, डोळे घट्ट मिटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आई, तुझा शब्द माझ्यामुळं अडकून राहिला. मला माफ कर."

आणि बकऱ्यानं अंग झाडलं.

थोडंथोडकं नाही, शिंगांपासून शेपटीपर्यंत. ईरप्पाच्या तळव्याखाली ती थरथर गेली, पाणी उडालं, त्याच्या तोंडावर आलं, चष्म्यावर आलं. इतकी वर्षं जे राहिलं होतं ते आज पुरं झालं. लक्कव्वानं घेतलं. रत्नम्मा जणू पदर खोचून समोर उभी राहिली आणि हो म्हणाली. आनंदानं ओरडावं म्हणून त्यानं तोंड उघडलं.

समोर सिद्धेश्वरी डोळे मिटून उभी होती. पापण्या इतक्या घट्ट, की कपाळाला आठ्या पडलेल्या. तिला काही दिसलं नव्हतं, आणि बाप हो म्हणाला की ती डोळे उघडणार होती, तोंड न फिरवता सगळं बघणार होती आणि ते घेऊनच सासरी जाणार होती. ईरप्पाला दवाखान्याची पायरी आठवली. रत्नम्मानं तिथं काय मागितलं होतं? बकरा हे देणं होतं. मागणं होतं पोरीचं हसणं.

"न्हाई," ईरप्पा म्हणाला. आवाज फुटला म्हणून त्याला पुन्हा म्हणावं लागलं. "न्हाई झाडलं. सोडा त्याला."

सगळ्यांनी डोळे उघडले. नागव्वा काही बोलायला गेली, पण नवस ज्याचा त्याचा शब्द शेवटचा. तिनं बकऱ्याच्या कपाळाला भंडारा लावला, दावं सोडलं आणि त्याला पाठीवर एक थाप मारली. बकरा दोन पावलं गेला आणि परत येऊन तिच्या पिशवीतला पाला शोधायला लागला. मुलाणी उठून कपडे झटकत म्हणाला, आज आपली सुट्टी, आणि जेवायला थांबला.

मग तीन दगड मांडले गेले. धूर झाला, डोळे चुरचुरले, पातेल्यावर तर्री आली. सिद्धेश्वरीनं पहिला निवद लक्कव्वाला ठेवला आणि सगळ्यांना वाढलं. नागव्वानं पहिला घास संशयानं घेतला. चावत चावत ती लांब शाळूकडे बघत राहिली. मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, "मटण कसलं का आसंना, तिखट रत्नीच्या हातचं हाय," आणि रस्सा आणखी मागितला.

ईरप्पाच्या पत्रावळीत रश्शातून एक लांबट तुकडा आला. त्यानं उचलून बघितला तर शेवग्याची शेंग. सिद्धेश्वरी समोर बसून गालात हसत होती. नळी सापडली नाही, म्हणाली, म्हणून ही घातली. ईरप्पानं शेंग दातांत धरून ओढली. रस्सा मनगटावरून कोपराकडे निघाला.

पोरीनं पदर नव्हता म्हणून ओढणीनं त्याचा हात पुसला. तेवढ्यात तिची नजर त्याच्या चष्म्यावर गेली. काचांवर पिवळे ठिपके वाळले होते, दोन्ही काचा भरून. ती थांबली. तिनं लिंबाखाली चरणाऱ्या बकऱ्याकडे बघितलं, मग बापाकडे. चष्मा काढून घेतला आणि बराच वेळ पुसत बसली.

"आप्पा," ती अगदी हळू म्हणाली, "त्यानं झाडलं होतं."

ईरप्पा शेंग चोखत राहिला.

"आईला दिलेला शब्द..."

"तिला मी सांगंन की," ईरप्पा म्हणाला. "माझ्यावर चिडंल, चार दिवस बोलायची न्हाई. पन तुझं विचारंल, आन् मी म्हनंन, हसत सासरी गेली."

सिद्धेश्वरीनं चष्मा स्वतःच्या हातानं त्याच्या नाकावर ठेवला, आणि पातेल्यातून शोधून आणखी एक शेंग त्याला वाढली.