म्होरं मी हाय

घोडी पुलावर चढेना आणि जयंती बांधावरून हलेना.

पूल कसला, ओहोळात सिमेंटचे पाइप टाकून वर माती लोटलेली. एका अंगाला जयवंतच्या कॉटेजांचं कुंपण, दुसऱ्या अंगाला जयंतीचा माठ-मुळ्याचा वाफा. पाइपातून पाणी घुळघुळत जायचं आणि तो आवाज कानी पडला की शेवंती घोडीचे पाय जागीच खिळायचे. मान वर, कान मागे, नाकपुड्या फेंदारलेल्या. मग ती अचानक आडवी फिरायची आणि मागचे पाय थेट वाफ्यात.

"ए शकु, घोडी फिरवतेस की माझा मुळा नांगरतेस?"

"चुकलं जयंतीबाई. सांजच्याला येऊन लावून देते समदं."

"काल पण हेच बोललीस. दोन फटके टाक की तिच्या ढुंगणावर. जाईल गुमान."

"फटक्यानं जाईल. पर उद्या मग फटक्याबगर जायची न्हाई."

असं म्हणून शकु खाली उतरली. घोडीच्या पाठीवर दुमडलेलं पोतं होतं, खोगीर नव्हतं. खोगिराचा पट्टा आवळला की शेवंती अंग चोरायची. शकुनं नऊवारीचा कासोटा नीट केला, दोर सैल सोडला आणि स्वतः पुलाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. टाचेनं माती ठोकून दाखवली.

"बघ. म्होरं मी हाय. पूल पडला तर आदी मी पडंल. तू मागनं ये."

शेवंतीनं एक खूर पुढे टाकला, वास घेतला, मागे घेतला. शकु दोर ओढायला तयार नाही. जयंती घरी गेली, चहा करून पिऊन आली, तरी दोघी तशाच. शेवटी घोडीनं मान खाली घातली, फुर्रकन श्वास सोडला आणि शकुच्या पावलांवर पाऊल देत पूल ओलांडला.

"झाली बाई वरात," जयंती म्हणाली. "पुढं नवरी, मागं घोडी."

शकु हसली. तिला हसायला निमित्त मिळून बरेच दिवस झाले होते.

ती आणि तिचा नवरा अंबादास जालन्याकडचे. मुंबईजवळ मनोरीत जयवंतची दोन-चार घोडी होती, पर्यटकांना किनाऱ्यावर फेरी मारून आणायची. अंबादास ती बघायचा. त्याची छाती खराब झाली आणि एका पावसाळ्यात तो गेला. जयवंत म्हणाला, "खोपी सोडू नकोस, घोडी तू बघ." तशी शकु तबेल्यात आली. अंबादासची चाल तिनं रोज बघितलेली होती. तो जनावराला कधी मागून हाकलायचा नाही. अवघड जागा आली की पाठीवरून उतरायचा आणि आपण आधी जायचा.

शेवंती होळीनंतर आली. मानखुर्दकडच्या कुणाच्या तरी वरातीची घोडी. पांढरीशुभ्र, उंच, देखणी, पण एका वरातीत कुणी तिच्या पायांत फटाक्यांची माळ टाकली होती. उजव्या मागच्या पायावर भाजल्याची खूण होती, तिथं केस उगवत नव्हते. तेव्हापासून ती कशालाही भ्यायची. उडत्या पिशवीला, छत्रीला, कुणी सतरंजी झटकली तर त्यालाही.

शकुनं रोजची रपेट धरली. उजाडलं की तबेल्यातून सुरूच्या झाडांमधून किनारा, किनाऱ्यावरून खाजणाचा बांध, मग पूल, मग जेट्टी, आणि त्याच वाटेनं परत. वाट बदलायची नाही, घाई करायची नाही. ऊन असो की चिखल, रपेट चुकायची नाही. पावसात बांधावरची माती लोण्यासारखी व्हायची, तिथं शकु अनवाणी पुढे चालायची आणि घोडी तिच्या खांद्याशी तोंड ठेवून मागे. जेट्टीवर फेरीबोटीचं इंजिन धडधडायचं. आधी त्या दोघी दूर ताडाखाली उभ्या राहायच्या, मग मासळीच्या टोपल्यांपाशी, मग अगदी कठड्याला लागून. दिवाळीत गावात फटाके वाजले, तेव्हा शकु तिला खाजणात लांब घेऊन गेली आणि रोज थोडं थोडं जवळ आणत राहिली. शेवंती थरथरायची. पण शकु पुढे दिसली की थरथरत का होईना, पाऊल टाकायची.

गावाला त्याची गंमत वाटे. विधवा बाई पांढऱ्या घोडीवर बसून किनाऱ्यानं फिरते म्हणून कोळणी एकमेकींना कोपर मारायच्या. शकु म्हणायची, "बघून घ्या, पैसं पडत न्हाईत."

तुळशीचं लग्न झालं आणि एका सकाळी जयवंत जेट्टीवर येऊन थांबला. बोटीनं भोंगा दिला. शेवंतीनं नुसता कान हलवला.

"झकास," जयवंत म्हणाला. "वाकोल्याचं लग्न घेतलंय. रविवारी सकाळची वरात. हिला नेऊ."

"एवढ्यात नगं मालक. तिला लोकांची सवय न्हाई. माजी हाय."

"मग तू चाल ना पुढे. तेवढंच तर करायचंय."

"आन बिथरली तर?"

जयवंतनं चपलेनं वाळू उकरली. "हे बघ शकु, किनाऱ्यावर आता फेरीला कोण बसतं? ही वरातीत चालली तर राहील. नाही चालली तर टेम्पोवाल्या मिथुनला देऊन टाकतो. त्याचं गिऱ्हाईक आहे, वीटभट्टीवालं."

शकुनं भट्टीवरची घोडी जालन्याकडे बघितली होती. विटांच्या गाडीला जुंपलेली, खांद्याला जखम, जखमेवर राख. तिनं शेवंतीच्या मानेवर हात ठेवला. "चालंल," ती म्हणाली. "मी म्होरं आसंल तर चालंल."

फेरीबोटीतून घोडी जात नाही. उत्तन-भाईंदरचा वळसा घालून टेम्पोनं न्यायची. टेम्पोच्या मागे फळी टेकवलेली, आत अंधार. शेवंती फळीपाशी अडली. शकु फळीवर चढली, आत गेली, आतून म्हणाली, "ये. म्होरं मी हाय." घोडी खडखडत वर गेली. टेम्पो मिथुनचाच होता. तो म्हणाला, "मावशी, जादू करता काय?"

"जादू न्हाई. खोटं बोलले न्हाई तिच्याशी कदी, एवढंच."

वाकोल्यात गल्ली चिंचोळी. दोन्ही अंगांना दुकानं, वर तारा, खाली माणसं. शेवंतीवर जरीची झूल, कपाळावर आरसे लावलेला पट्टा, पायांत घुंगरू. नवरदेव नितेश घोडीपेक्षा जास्त घाबरला होता.

"मावशी, पाडणार नाही ना ही?"

"तुमी आयाळ धरा आन गप बसा. तुमी भ्यालात की तिला कळतं."

"मी लग्नालाच भ्यालोय."

"ते तिला न्हाई कळत."

बेंजो सुरू झाला. ढोलाचा पहिला दणका बसला तशी शेवंतीची कातडी मानेपासून शेपटीपर्यंत लहरली. शकु तिच्या तोंडापुढे हातभर अंतरावर, पाठमोरी, दोर सैल. घोडीनं तिच्या पदराचा वास घेतला आणि पाऊल उचललं. एक दुकान गेलं, दुसरं गेलं. पोरं नाचत होती, कागदी पाकळ्या उडत होत्या, आणि पांढरी घोडी त्या सगळ्यातून खाजणाच्या बांधावरून चालावी तशी चालत होती. मागे जयवंत कुणाला तरी सांगत होता, "आपली आहे. ट्रेन केलेली." शकुला वाटलं, जमलं. फक्त ते कोपऱ्यावरचं सभागृह तेवढं गाठायचं.

तेवढ्यात नितेशची आत्या, वनमाला, आरतीचं ताट घेऊन पुढे आली. घोडीच्या कपाळाला कुंकू लावलं. मग तेच बोट शकुच्या कपाळाकडे नेलं आणि मध्येच थांबली. मोकळं कपाळ बघितलं, मोकळा गळा बघितला.

"काय गो बाय, तुझो घोव खंय असता?"

"धनी वारलं माजं. दोन पावसाळं झालं."

आत्यानं ताट मागे घेतलं. आरडाओरडा केला नाही, हलक्या आवाजात जयवंतला बोलावलं. "जयवंतराव, शुभकार्यात ही फुडे कित्याक? माझ्या भाच्याच्या तोंडासमोर? बाजूक करा तिका."

जयवंत शकुजवळ आला. "मागे जा ना जरा. पाच मिनिटांचा सवाल आहे. मी धरतो लगाम."

"मालक, मी मागं गेले की ती न्हाई चालायची. तुमाला ठावं हाय."

"कुंकू लावून आली असतीस तर कुणाला कळलं असतं? यार शकु, वाट लावू नकोस आता."

"तिच्याशी खोटं बोलायचं न्हाई म्हणून चालती ती. आन ह्यांच्याशी बोलू व्हय?"

पण दोर तिनं दिला. सगळी गल्ली बघत होती. ती माणसांतून वाट काढत मागे गेली, स्पीकरच्या हातगाडीच्याही मागे, आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

जयवंतनं लगाम ओढला. शेवंती उधळली नाही, पाय झाडले नाहीत, पुढचे खूर हवेत उचलले नाहीत. तिनं मान वळवली, मग अंग वळवलं, आणि नितेशला पाठीवर घेऊन उलटी निघाली. जयवंत लगामाला लोंबकळत फरफटला आणि शेवटी त्यानं सोडून दिला. लोक आपोआप बाजूला झाले. आत्याच्या ताटाजवळून, नाचणाऱ्यांतून, ढोलाला अंग घासून, दणदणत्या स्पीकरला वळसा घालून ती आली. नितेशच्या मुंडावळ्या डोळ्यांवर आलेल्या. शकुपाशी येऊन ती थांबली, हनुवटी तिच्या खांद्यावर ठेवली आणि फुर्र केलं.

बेंजो बंद पडला. कुणीतरी हसलं, मग सगळेच मोबाइल वर करून हसायला लागले.

"आत्या," नितेश वरून म्हणाला, "ह्या मावशींनाच राहू दे ना पुढे. बरी चालत होती."

"उतर खाली," आत्या म्हणाली. "नवरो माघारी फिरलो, तो पण रांडमुंडेच्या मागे. आणखी काय बघूचा ऱ्हवला?"

नितेश उतरला. उतरताना शकुकडे बघून "सॉरी मावशी" म्हणाला, आणि गाडीत बसून सभागृहाकडे गेला. शेवंतीच्या अंगावरची झूल जयवंतनं तिथंच ओढून काढली.

सोमवारी मिथुन टेम्पो घेऊन आला, पण आता गिऱ्हाईकाच्या वतीनं. शकु तबेल्यातून बाहेर आली नाही. बाहेर खुरांचा, फळीचा आणि काठीचा आवाज येत होता. मग शेवंती ओरडली, तशी ती आजवर ओरडली नव्हती. शकु दाराशी आली. मिथुननं घोडीच्या वरच्या ओठाला दोरीचा पीळ घातला होता, एक माणूस मागून काठीनं हाणत होता. मागचा भाजका पाय फळी आणि चाकाच्या फटीत गेला होता.

जयवंत म्हणाला, "तूच चढव शकु. उगाच पाय मोडेल तिचा."

जयंती बांधावरून धावत आली होती. "नको चढवूस गं. अडून राहू दे. कंटाळून जातील निघून."

"न्हाई जात जयंतीबाई. पाय मोडूनसुदीक नेतील."

शकुनं पुढे होऊन तो ओठाचा पीळ सोडला. रक्त पदरानं पुसलं. फटीतला पाय हातानं उचलून सोडवला. शेवंती तिच्या छातीत तोंड खुपसून उभी राहिली, श्वास हळूहळू खाली येईपर्यंत. मग शकु फळीवर चढली आणि आतल्या अंधारात गेली.

तिनं दोर बांधायची कडी चाचपून ठेवली.

"ये," ती म्हणाली. "म्होरं मी हाय."

घोडी लगेच आली. एकदाही अडली नाही. शकुनं दोर आतल्या कडीला बांधला आणि तिच्या अंगाला घासत, टेम्पोच्या पत्र्याला धरून बाहेर पडली. फळी निघाली, दार लागलं. दार लागल्यावर मग शेवंतीनं हाक दिली. टेम्पो उत्तनच्या वळणापर्यंत जाईतो ती देत होती.

महिनाभरानं जयवंतनं एक तपकिरी तट्टू आणलं. कॉटेजात राहायला येणाऱ्यांच्या मुलांना बसवायला. तेही भेदरट.

"शेवंतीला जसं केलंस तसं कर," तो म्हणाला. "पण ह्या वेळेस स्वतःची सवय नको लावू."

"बरं," शकु म्हणाली.

तीच वाट. सुरूची झाडं, किनारा, बांध, पूल. पुलाशी पाणी घुळघुळलं आणि तट्टू खिळून उभं राहिलं. जयंती मुळ्याला पाणी घालत होती, ती थांबली.

"हो की पुढं. म्हण तुझं ते."

शकु उतरली. तिनं दोर लांब सोडला आणि तट्टूच्या मागे, बाजूला, बांधावर बसली.

"आज म्होरं न्हाई जायची मी."

"मग ते जाणार कसं?"

"आपल्या पायानं. उशीर लागंल."

ऊन चढलं. जयंतीचं पाणी घालून झालं, मुळ्याच्या जुड्या बांधून झाल्या. तट्टू पुलाचा वास घ्यायचं, शकुकडे बघायचं, शकु ओहोळाकडे बघायची. मागचे पाय दोनदा वाफ्यात गेले, जयंतीनं तुडवलेले मुळे नुसते बाजूला काढले. शेवटी त्यानं एक खूर मातीवर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग दुसरा. मधोमध क्षणभर थांबलं, कान टवकारले, आणि टपटप पलीकडे गेलं. पलीकडे गवत होतं. ते खायला लागलं.

"बघ मेल्याला," जयंती म्हणाली. "वळूनसुद्धा बघितलं नाही."

"तेच शिकवायचंया," शकु म्हणाली, आणि लुगडं झटकून त्याच्या मागनं पूल ओलांडून गेली.