वाट की वात

निवेदिकेने घसा साफ केला, माइकवर टिचकी मारून पाहिली आणि रिकाम्या सभागृहासमोर मानपत्र वाचायला घेतले. राष्ट्रीय सन्मानाचा समारंभ उद्या होता. आजची रंगीत तालीम खुर्च्यांनीच ऐकायची होती. पहिल्या रांगेत उद्याचे मानकरी, जुन्या कवितेचे संशोधक, लेकीशेजारी हात मांडीवर ठेवून बसले होते. एवढ्या उंच छताखाली एका विसरलेल्या कवयित्रीचे शब्द घुमणार, या कल्पनेनेच त्यांना भरून आले होते.

कौतुक खरे तर दोघांचे व्हायला हवे होते. त्या कवितांच्या पोथ्या त्यांनी आणि आक्कांनी मिळून ताडून पाहिल्या होत्या. आक्का त्यांच्या सहकारी. वयाने थोड्या मोठ्या, जिभेने बऱ्याच. उमेदीची वर्षे एकाच टेबलाच्या दोन बाजूंना गेली आणि शेवटी सगळे अडले एका अक्षरावर. त्या जुन्या लिपीत ट आणि त म्हणजे जुळी भावंडे. कवयित्रीने म्हातारपणी लिहिलेल्या एका ओळीत ‘वाट’ आहे, असे यांचे म्हणणे. ‘वात’ आहे, असे आक्कांचे. बहुतेक पोथ्या यांच्या बाजूने होत्या, म्हणून पुस्तकात ‘वाट’ छापली गेली. आक्कांनी पुस्तकावरून आपले नाव काढून घेतले आणि अबोला धरला तो धरलाच.

सन्मान जाहीर झाल्यावर सगळ्यांचे फोन आले, ज्यांनी पुस्तक उघडलेही नव्हते त्यांचेसुद्धा. आक्कांचा आला नाही. त्या अजून रागावलेल्या असतील, तर हे पदक कोणत्या तोंडाने घ्यायचे, हेच त्यांना कळत नव्हते.

निवेदिका शेवटच्या परिच्छेदाशी आली. तिथे ती ओळ दिली होती. तिने ती सावकाश वाचली.

“रात सरेना गे, माझी वात अजून ओली.”

संशोधकांनी झटकन मान वर केली. आयुष्यभर त्यांनी ही ओळ रडकी मानली होती: आसवांनी भिजलेली वाट आणि चालून थकलेली बाई. आता एका अनोळखी मुलीच्या आवाजात तेलात भिजलेली वात आली. म्हातारी थकली नव्हतीच. तिचे अजून जळायचे बाकी होते. एवढी वर्षे ती त्यांच्या हाताखालून गेली होती आणि त्यांना दिसली नव्हती.

पुस्तक हातात धरून उभा असलेला अधिकारी ओशाळून पुढे आला. मजकुरात चूक राहिली, पुस्तकात ‘वाट’ आहे, आत्ता दुरुस्त करतो, म्हणाला. मानपत्र लिहिले कुणी, असे संशोधकांनी विचारले. ज्यांनी शिफारस केली त्यांनीच मसुदा पाठवला होता, पण नाव सांगायचे नाही असा नियम आहे, असे तो म्हणाला.

संशोधक स्वतःशीच हसले. पोथ्यांच्या कामात हीच तर गंमत असते. बरोबर शब्द कुणाकडेही सापडतो. पोथी कुणाच्या घरची, हे तिच्यातली चूक सांगते. आणि ही ‘चूक’ जगात एकाच घरची होती.

“राहू द्या,” ते अधिकाऱ्याला म्हणाले. “आहे तेच बरोबर आहे.”

“बाबा, पुस्तकात तर...” लेक म्हणाली.

“पुढच्या आवृत्तीत बदलू. आणि वर दोन नावं घालू.”

बाहेरच्या लांबलचक मार्गिकेत जाऊन त्यांनी फोन लावला. नंबर पाठ होता. काय बोलायचे ते मनात जुळवून ठेवले होते, पण पलीकडून लगेच आवाज आला, जणू कालच बोलणे झाले होते.

“झाली का रे तालीम? ओळ नीट वाचली ना?”

“नीट वाचली, आक्का,” ते म्हणाले. त्यांनी रुमाल काढून नाक शिंकरले.

“मग रडतोस कशाला?” आक्कांनी विचारले.