बहिणीच्या बांधातलं बीळ

मी माळावरचं खोकड बोलतोय. कोल्हा म्हणाल तर चावेन! शिरपूरकडच्या या गवतात माझ्याइतकं चलाख जनावर नाही. आता खरंच चलाख होती ती सगळी कधीच शेतात राहायला गेली, म्हणून माझा पहिला नंबर.

माझी धाकटी बहीण त्यांतलीच. माणसांची मोठी लढाई चालू होती, ते साल. झुंबरबाईच्या शेतात, बांधाच्या पोटात तिचं बीळ. दाराशी उंदीर, भुईमुगाच्या शेंगा, डोक्यावर बोरं. मी इकडे टोळ चघळत बसायचो. तिची झुबकेदार शेपटी दिसली की माझ्या पोटात आग पडायची. मग मी शेतावरचा सालाने ठेवलेला गडी चिंधा, त्याची भाकर पळवायचो आणि फडकं तिच्या दारात टाकायचो. बसू दे शिव्या तिला!

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, अशा सालदाराचं वर्ष संपतं. चिंधा गेला, लेकी माहेरी आल्या, झोके बांधले. शेतात चिटपाखरू नाही. नेमकी तेव्हाच बहीण पिल्लू तोंडात धरून माळाकडे निघाली. म्हटलं, माजली बया! भरलं घर टाकून हवा खायला चालली!

मी बायकोला उठवलं. "चल, घर मोकळं आहे."

आमची चारही पिल्लं तिथे नेली. दोन दिवस मी नवरदेवासारखा लोळलो.

तिसऱ्या सकाळी नवा सालदार तोताराम कुदळ घेऊन हजर. नव्या माणसाला पहिल्या दिवशी जोर दाखवायचा असतो.

झुंबरबाई म्हणाली, "भाऊ, ऊन भलतं शे. राहू दे आज."

"नही अक्का! बठ्ठा बांध आजच खंदसू!" सगळा बांध आजच खणणार म्हणे!

पहिला घाव माझ्या कानाजवळून गेला. बायकोने एक पिल्लू उचललं, एक मी. तिसरं मागे धावलं. चौथं ढेकळांखाली राहिलं.

धापा टाकत माळावर आलो, तर माझ्याच जुन्या बिळात बहीण पिल्लू चाटत बसलेली.

"दर आखाजीला बांध खणतात हे तुला ठाऊक होतं," मी खेकसलो. "सांगितलं का नाहीस? चैन तुझी आणि मरण आमचं!"

तिने मान वर केली.

"तीन आखाज्या मी याच वाटेनं येते, दादा. दर वेळी तोंडात एकच पिल्लू. बाकीची शेतातल्या कुत्र्यांनी नेली. तू वाटेत उभा राहून माझी शेपटीच बघत होतास."